दुसरी पेटी

रनाळे, १२ जानेवारी १९३८

फॉर्म भरला. लोकल बोर्डाची आमच्या गटाची जागा. समोर छगन पाटील — पक्षाचा उमेदवार. बोर्डात आता सगळे एकाच पक्षाचे. मीही त्यातलाच, दीड वर्षापूर्वी बाहेर पडलो. सगळे हात एकदम वर जातात, एकदम खाली येतात. नाही म्हणणारं कुणी नसेल तर चूक दाखवणार कोण? इंग्रज उद्या गेले तरी हा प्रश्न राहणारच. नंदुरबारच्या कचेरीत कारकुनानं विचारलं, मास्तर, निवडून येणार का? म्हटलं, नाही. तो बघतच राहिला.

पेट्या दोन ठेवतील. छगनची लाल, माझी पिवळी. मी उभा नसतो तर पेट्याच आल्या नसत्या — बिनविरोध, पेढे, संपलं.

१५ जानेवारी

छगन घरी आला! धुळ्याच्या तुरुंगात आम्ही सात महिने एका कोठडीत काढले, एका थाळीत जेवलो. पण मी पक्ष सोडल्यापासून तो माझी पायरी चढला नव्हता. आज आला आणि बसायच्या आत म्हणाला, "दोधू, तुन्ही सिंधू मन्हा दगाले दे." मी तिथल्या तिथे हो म्हटलं. दगा त्याचा थोरला, सालस पोरगा. निवडणूक एकीकडे, माणूस एकीकडे — विरोधक म्हणजे वैरी नव्हे, हेच तर मी गावोगाव सांगत फिरतो.

१७ जानेवारी

सुपारी फुटली. मारुतीच्या पारावर, पंचांसमोर. सिंधूला हिरवं लुगडं आलं. कौसा — इथे तरी बायकोचं नाव लिहितो — दिवसभर हसत होती. तिला असं हसताना शेवटी कधी पाहिलं, आठवत नाही.

१८ जानेवारी

लोटन पाटील वाटेत भेटले. गावचे पोलीस पाटील, पंचांत त्यांचा शब्द पहिला. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बरं करं मास्तर. गावना वाद मिटना. आते फारम काढाले नंदुरबार कव्हय जातस?"

कोणता फॉर्म, मी विचारलं.

ते हसले. मग हसायचे थांबले. "सोयराना समोर कोनी उभं ऱ्हास का? सुपारी फुटनी, तठेच तुमना फारम माघारे उना."

आमच्याकडची रीतच आहे. व्याह्यासमोर कुणी उभं राहत नाही — कुस्तीत नाही, कोर्टात नाही. मग निवडणुकीत कसं राहायचं? पारावर बसलेल्या प्रत्येकाला हे न सांगता ठाऊक होतं. मी सुपारीत फक्त सुपारी पाहिली. वीस वर्षं पोरांना शिकवलं आणि एवढं डोक्यात आलं नाही!

१९ जानेवारी

छगनकडे गेलो. "मी समजनू, तुले माहीत शे," म्हणाला. खरंच तसं समजला होता, त्याला खोटं बोलता येत नाही. "सिंधूले मी निवडणूकसाठे नही मांगं, दोधू. पन आते पंच ऐकतीन नही." चहा आला, तो तसाच राहिला.

२३ जानेवारी

माघारीचा उद्या शेवटचा दिवस. कौसाला सगळं समजावून सांगितलं. लोकांना दुसरी पेटी का हवी, मी आज हटलो तर पुढे वीस वर्षं कुणी फॉर्म भरणार नाही — सगळं. ती ज्वारी निवडत होती. काही बोलली नाही. ती न बोलताच माझ्या पाठीशी असते, नेहमीच.

२४ जानेवारी

फॉर्म काढला नाही.

२६ जानेवारी

दरवर्षीप्रमाणे स्वातंत्र्यदिनाच्या झेंडावंदनाला गेलो. माझ्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी राहिली. घरी आलो तर लोटन पाटलांचा माणूस दारात. सुपारी मोडली.

सिंधूनं लुगडं स्वतः घडी घालून परत दिलं, चारही टोकं जुळवून. मग मला विचारलं, "आप्पा, जेवाले वाढू का?" मी हो म्हटलं. आणि जेवलो. घास कसा उतरला माझ्या घशाखाली!

६ फेब्रुवारी

कौसाच्या भावानं खापर गावचं स्थळ आणलं. बिजवर. छत्तीस वर्षांचा, पदरी दोन मुलं. सिंधूला सोळावं. मोडलेल्या सुपारीची मुलगी आता कोण करणार, म्हणाला. हो म्हणालो आणि आत जाऊन कौसाला तसं कळवलं. चुलीचा धूर होता, तिचा चेहरा दिसला नाही.

१० फेब्रुवारी

सभेला अकरा माणसं. म्हटलं, हवं तर मला मत देऊ नका. पण पेट्या दोन आहेत, निवड तुमची आहे, एवढं लक्षात ठेवा. जिथे नाही म्हणायची मुभा नाही, तिथल्या होकाराला काय किंमत? एक म्हातारा उठला. "मास्तर, दोन्ही पेटीमा टाकं तर चालस का?" आज महिन्याभरात पहिल्यांदा हसलो.

१६ फेब्रुवारी

मतदान. कौसाच्या नावावर माहेरचं शेत आहे, म्हणून यादीत तिचंही नाव. मीच खटपट करून घातलं होतं. गावात मत असलेल्या बायका फक्त तीन. "कौसाबाई दोधू पाटील" असं पुकारलं, तशी ती डोईवरचा पदर सावरून पडद्याआड गेली आणि लगेच बाहेर आली. मला फार अभिमान वाटला.

१८ फेब्रुवारी

छगन ६८२, मी ९७.

सत्त्याण्णव! पंचांचं न ऐकता सत्त्याण्णव जणांनी पिवळ्या पेटीत चिठ्ठी टाकली. डोळे भरून आले, हरल्याचं वाईट वाटून नव्हे. पण घरी पोचलो तर सिंधू स्वतःच्या लग्नाची हळकुंडं निवडत बसलेली. मग मात्र हरल्यासारखं वाटलं.

६ मार्च

सिंधूचं लग्न झालं. गाडी खापरच्या वाटेला लागेपर्यंत मी उभा होतो. तिनं मागे पाहिलं नाही. लग्नाला गावातलं फारसं कुणी नव्हतं. छगन आला नाही, त्याला येता येणारच नव्हतं.

९ मार्च

घर ओकंबोकं. कौसाला बरं वाटावं म्हणून म्हणालो, सत्त्याण्णवांतलं एक मत तुझं, ते मी जन्मभर विसरणार नाही.

ती भांडी घासत होती. "मी लाल पेटीमा टाकं," म्हणाली.

मग आधी बोलली का नाहीस, मी विचारलं.

"तुम्ही इचारं व्हतं का?"

आणि खापरचं स्थळ?

"तेबी कोठे इचारं."

आमच्या लग्नाला एकवीस वर्षं झाली. सकाळपासून आठवून पाहतो आहे. एकदाही विचारलेलं नाही.