अप्पा, तुमच्या पॉवर सप्लायवर फुली

अप्पा, आज मी तुमच्या पॉवर सप्लायवर खडूने फुली मारली. ऐकलंत ना? फुली. आपल्या घरातली पहिली.

श्रीगोंद्यातल्या माझ्या दुकानातला, लग्नपत्रिका नि फ्लेक्स बनवायचा कॉम्प्युटर हल्ली रडतोय. फोटो उघडेपर्यंत गिऱ्हाईक चहा पिऊन परत येतं. म्हणून सकाळी सगळा खोलला आणि सुटे भाग गोणपाटावर मांडले. उसाचा हंगाम संपला की साखर कारखान्यात तुम्ही फिटर लोक मिल खोलून मांडायचात, तसेच. चांगल्या भागावर बरोबरची खूण, भंगारावर फुली. कारखान्यात तुमचा हात फुली मारायला कचरत नसे. घरी मात्र मिक्सर, पंखा, आईची शिलाई मशीन, सगळ्याला बरोबर! "चालतंय ना? मग चालवायचं. फेकायला काय अक्कल लागती?"

स्क्रीन बरोबर. कीबोर्ड बरोबर. तुम्ही पत्रा ठोकून सरळ केलेलं कॅबिनेट, तेही बरोबर. जुनी रॅम आता आणलेल्या नव्या बोर्डावर बसत नाही, तिला फुली मारायचीही गरज नव्हती. राहिला पॉवर सप्लाय. दुरुस्तीवाले म्हणाले, "ताई, चालू हाय की. राहू द्या." तुमच्याच पंथाचे! पण मी हटले नाही. अख्ख्या मशीनला वीज पुरवणारा तो एक डबा. तो फुटला तर नव्या भागांनाही घेऊन जातो. हे मला कुणी शिकवायला नको.

याच्या आधीचा, पहिला सप्लाय जळाला तो दिवस आठवतो. त्याच्या पंख्यात तुम्ही कारखान्यातलं तेल सोडलंत, खूण केलीत, परत बसवलात. महिन्याभरात फट्! बोर्ड गेला, डिस्क गेली, ऐन लग्नसराईत लोकांच्या पत्रिका गेल्या. तुम्ही दारात उभे, गिऱ्हाइकांसमोर म्हणताय, "हिला मशीन लाभतच न्हाई." मी खाली मान घालून ऐकतेय. दुसऱ्या दिवशी नगरच्या जुन्या बाजारातून हा दुसरा आणलात, त्यावरही खूण केलीत. चुकलं, एवढं मात्र तोंडातून निघालं नाही.

अजून राग आहे मला, लई आहे. मला मशीन लाभते, अप्पा. याच हातांनी दुकान उभं ठेवलं, पोरीला इंजिनिअरिंगला घातलं. नडलं ते तुमचं तेल, माझा हात नाही.

हे पत्र कुठे धाडणार? तुमच्या पान्यांच्या पेटीत ठेवते, तिथे तसंही तुम्ही गेल्यापासून कुणी हात घालत नाही. फक्त एक सांगायचं राहिलं. पहिला जळाला त्या दिवशी सकाळपासून जळका वास येत होता. बटण हाताशी होतं. मी बंद केलं नाही. एकदा तरी तुमची खूण खोटी ठरू दे, म्हणून बसून राहिले.

तरी फुली पुसणार नाही.