पाणी नव्हतं म्हणून इटालियन

२० एप्रिल २०१६, बुधवार
आजपासून रोज लिहायचं ठरवलं. चौथीपर्यंत शाळा झाली, एवढं जमतंय मला. आज खुशीचा दिवस हाय. शिवलीलानं, माझ्या नातीनं, मुलगा पसंत केलाय. किशन नाव. इथं लातुरातच बँकेत हाय. आईबाप नांदेडजवळ अर्धापूरला, केळीच्या बागा. जात आपली न्हाई. मला काय त्याचं. आपल्या धर्मात भेदच न्हाई, हे मी लग्न होऊन आल्यापासून सगळ्यांना सांगत आले. मन्मथ, माझा मुलगा, म्हणाला, अव्वा, तू हो म्हण, मग माझंबी हो. म्हणजे सगळं माझ्यावर आलं. बरं वाटलं.
सून म्हणाली, त्यांना जेवायला घरी बोलवू. मी म्हणाले, बाई, लातूरला रेल्वेनं पाणी येऊन राहिलंय, तू पाहुण्यांची ताटं कशानं घासणार? बाहेर जेवू. पाण्याचाच प्रश्न हाय. दुसरं काही न्हाई.

२४ एप्रिल, रविवार
शिवलीलासंगं हॉटेल बघून आले. औसा रोडला, ट्यूशनवाल्या पोरांच्या गल्लीत. इटालियन कॉर्नर. स्वस्त हाय. बाहेर शुद्ध शाकाहारी लिहिलंय, ते दोनदा वाचलं. पास्ता खाल्ला. आपले शेंगोळेच, फक्त पांढऱ्या रश्शात. लसणाची फोडणी लई कमी. तसं आचाऱ्याला सांगून आले. त्यानं मान हलवली, पुढच्या वेळी करील.
पाणी न्हाई म्हणून कागदाच्या प्लेटा. ज्याची त्याची प्लेट, ज्याचा त्याचा काटा, खाऊन झालं की फेकून द्यायचं. कुणाचा कुणाला हात लागत न्हाई. मला लई पसंत पडलं. स्वच्छतेसाठी म्हणते मी.
शिवलीला सारखी माझ्या तोंडाकडं बघत होती. काटा नीट धरला म्हणून बघत असेल.

१ मे, रविवार
आज भेट झाली. किशनचे वडील पिराजी कमी बोलतात. आई सगुणाबाई येताना केळीचा घड घेऊन आली. केळ घेतलं मी. केळाला साल असते.
सगळ्यांना पास्ता सांगायचं मी घरून ठरवून गेले होते. पास्ता ट्यूशनच्या पोरांनी आधीच संपवलेला. किशननं मला न विचारता पिझ्झा मागवला. भाकरीएवढा न्हाई, परातीएवढा. टेबलाच्या मध्ये एकच ठेवला आणि सगळ्यांचे हात एकदम त्यात गेले. मीबी एक तुकडा उचलला. तो सगुणाबाईच्या तुकड्याला चीजनं चिकटलेला. मी ओढला तर धागा लांब व्हायला लागला, तुटेचना. मन्मथ घास धरून थांबला. सून थांबली. शिवलीलाचा तर श्वास थांबला वाटतं. सगुणाबाई म्हणाली, अव्वा, मी धरते, तुम्ही ओढा.
ओढला. खाल्ला. चांगला होता.
सगुणाबाई हसून म्हणाली, आता एका ताटात जेवलो आपण, आता अर्धापूरला या. (ते ताट नव्हतं. पुठ्ठा होता.) मी म्हणाले, येऊ की, पाऊस पडू द्या, पाण्याचे हाल हायत. ती म्हणाली, आमच्या विहिरीला पाणी हाय की. केळीला पुरतं, तुम्हाला पुरणार न्हाई व्हय?
मग मी पिझ्झ्याची तारीफ केली. वेळ मीच सांभाळून नेली.

६ मे
शिवलीला विचारते, अव्वा, तुझं हो ना? मी म्हणाले, हो म्हणजे हो, पण माणसं आणखी ओळखू दे. परत हॉटेलातच भेटू.

१९ जून, रविवार
परत हॉटेलात भेट. सोयरीक मी हळूहळू घट्ट करून राहिले. वेटर मला आता विचारत न्हाई, बसले की पास्ता आणतो. लसूण तेवढाच. सगुणाबाईनं आज अर्धापूरचं नाव काढलं न्हाई. समजूतदार बाई हाय.
घरी येताना शिवलीला म्हणाली, इतक्यांदा टेबलावर बसलीस त्यांच्यासंगं, एकदा त्यांच्या दारच्या ओट्यावर बस. मी म्हणाले, रिक्षावाल्याला सांग, खड्डे बघून चालव.

९ ऑगस्ट
श्रावण लागलाय. श्रावणात मी कुणाच्या घरचं खात न्हाई. तसं कळवलं. आज हॉटेलात जाऊन आले. हॉटेल कुणाचं घर न्हाई.
उदगीरहून मलप्पाचा, माझ्या भावाचा, फोन होता. उदगीर जिल्हा होणार म्हणतो. नवा जिल्हा झाला की कार्य तिकडंच थाटात करू. मला पटलं. घरात सांगितलं, जिल्हा होऊ द्या. शिवलीला म्हणाली, जिल्हा होईपर्यंत मी तुझ्या वयाची होईन. मन्मथ हसला. मग हसायचा थांबला.

२ ऑक्टोबर, रविवार
पाऊस लई झाला. हौद भरून वाहून राहिला. सुनेनं सकाळपासून पितळेची सगळी ताटं काढली, चिंचेनं घासली, ओट्यावर ओळीनं मांडली. म्हणाली, अव्वा, आता बोलवायचं ना त्यांना? मी म्हणाले, नवं पाणी गढूळ असतं, पोट बिघडतं पाहुण्यांचं. तिनं एक ताट असं ठेवलं की शेजारीण बघायला आली.
शिवलीला जवळ येऊन बसली. हळूच म्हणाली, अव्वा, दिवाळीपर्यंत वाट बघते. नंतर विचारणार न्हाई. रागावून म्हणाली असती तर मी उत्तर दिलं असतं.
दिवाळीला लई वेळ हाय.

२९ ऑक्टोबर
उद्या लक्ष्मीपूजन. उद्या हो म्हणते. उद्या घरात गर्दी असेल. भाऊबीज झाली की निवांत म्हणते.

४ नोव्हेंबर, शुक्रवार
तिनं विचारलं न्हाई.
आज नांदेडला रजिस्टर लग्न झालं. मन्मथ सही करायला गेला. आधी म्हणत होता, तू हो म्हण, मग माझं हो. जाताना तसं काही म्हणाला न्हाई, फक्त म्हणाला, अव्वा, गाडीत जागा हाय. माझा गुडघा दुखत होता. मी थांबले. घरात बसवेना म्हणून औसा रोडपर्यंत चालत जाऊन आले.
शिवलीलाचा फोन आला. म्हणाली, जेवलीस का?

१७ डिसेंबर
ठरलं. उद्या अर्धापूर. हॉटेल न्हाई, बिलकुल न्हाई. त्यांच्या चुलीपुढं पाटावर बसणार, सगुणाबाईच्या हातचं मागून मागून खाणार, शेवटी ताटात पाणी घालून ते पिणार, आपल्या घरी पितो तसं. एक कण टाकणार न्हाई. शिवलीलाच्या डोळ्याला पाणी येईल. सगुणाबाईच्याबी. लुगडं काढून ठेवलं. आज मुद्दाम कमी जेवले.

१८ डिसेंबर, रविवार
घर स्वच्छ हाय. माझ्या घरापेक्षा स्वच्छ. सगुणाबाईनं पाय धुवायला पाणी दिलं, ते घेतलं. आत शिवलीला भाकरी थापत होती. अंबाडीच्या भाजीचा वास बाहेरपर्यंत. मी पदर खोचून आत निघाले तर सगुणाबाईनं हाताला धरून बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसवलं. पुढं स्टूल. स्टुलावर नांदेडहून आणलेला पिझ्झा, किशन सकाळीच गाडीवर जाऊन आलेला. कागदाची प्लेट. सीलबंद बाटली.
म्हणाली, अव्वा, तुम्हाला अवघड वाटायला नको. तुमचं हॉटेलचंच बरं पडतं, माहीत हाय आम्हाला. टोमणा असेल म्हणून मी तिच्या तोंडाकडं लई वेळ बघितलं. नव्हता.
बाकीचे सगळे आत गेले. मन्मथनं दुसरी भाकरी मागितली ते ऐकू आलं. पिराजी काहीतरी बोलले आणि सगळे हसले. तो माणूस बोलतो, हे मला आज कळलं.
पिझ्झा गार होता. मी आवाज देणार होते, मलाबी एक भाकरी वाढा म्हणून. तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात किशन बाहेर आला, माझ्याकडं बघून हसला आणि अव्वांना निवांत जेवू द्या म्हणत मधला पडदा ओढून घेतला.