हिरव्या खोळीची पिशवी

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज टेबलाखाली बसले. खरंच, टेबलाखाली! पडद्याच्या चुण्यांवर इस्त्री फिरवत होते आणि ओटीपोटात अशी कळ आली की इस्त्री उभी केली आणि पाय मुडपून सरळ जमिनीवर. दुकानाच्या मालकीणबाई वाकून म्हणाल्या, "काय हरवलं गं?" म्हटलं, "सुई." बिचाऱ्या स्वतः खाली बसून सुई शोधायला लागल्या! मग खरं सांगावंच लागलं.

"घरी जा," म्हणाल्या. "पण नाट्यगृहाचा मोठा पडदा मार्चच्या सुरुवातीला टेबलावर येतोय. त्याच्या चुण्या तुझ्याच हातच्या हव्यात. तेव्हा असं नको बाई."

मार्चची सुरुवात! म्हणजे नेमकी माझी तारीख. दुष्काळात तेरावा महिना.

घरी आले तर सासूबाईंच्या खोलीत शेकायची पिशवी गरम करून तयार! मी येणार हे यांना कसं कळतं कोण जाणे. मला दारात बघून दचकल्या, मग म्हणाल्या, "आलीस होय? घे, पड जरा." अशी सासू शोधून मिळायची नाही.

४ फेब्रुवारी

आईंचा दवाखाना जोरात. सकाळी आलं ठेचून उकळलेलं पाणी. मग चिमूटभर ओवा, वर कोमट पाणी. मग "गुडघे पोटाशी घे आणि कुशीवर पड." मग तिळाचं तेल कोमट करून पोटाला चोळायचं. तेलाला मी साफ नाही म्हटलं. हाताला तेल राहिलं आणि पडद्याला डाग पडला तर मालकीणबाई मला उभी चिरतील.

खरं सांगायचं तर शेक आणि आल्याचं पाणी, दोन्हींनी बरं वाटतं. पण दर महिन्याला असंच लोळत पडायचं का? म्हटलं, "आई, एकदा डॉक्टरांना दाखवते."

झालं! "यात काय दाखवायचंय? गावभर दवंडी पिटायचीय का? बाईनं अंगावर काढायचं असतं. आम्ही नाही काढलं?"

"तुम्ही काढलंत म्हणून मीही काढू?"

"जीभ फार चालते तुझी," म्हणाल्या आणि आल्याचा दुसरा पेला पुढे केला. प्यायले. भांडण आपल्या जागी, आलं आपल्या जागी.

९ फेब्रुवारी

पिशवीला खोळ शिवली. हिरव्या मखमलीचा तुकडा उरला होता. आई म्हणाल्या, "दुखण्याचे केवढे हे लाड!"

१७ फेब्रुवारी

नवी कोरी खोळ आणि तिच्यावर हा एवढा तेलाचा डाग! मी तर तेलाला शिवत नाही. दुसरं कोण असणार? आमचे बसड्रायव्हर नवरोबा. दिवसभर बस चालवून कंबर धरते, आल्यावर पाठीला तेल थापतो. चांगली खरडपट्टी काढली. "अगं, मी तुझ्या पिशवीला हातसुद्धा लावला नाही!" म्हणाला. लावला नाही म्हणे! मग काय पिशवीच गेली होती तेलघाण्यावर?

जेवेपर्यंत अबोला. एरवी आमच्या भांडणात आई लेकाची बाजू घेतात, नाहीतर माझी. गप्प कधीच बसत नाहीत. आज मान खाली घालून वाटाणे सोलत बसल्या. तब्येत बरी आहे ना यांची?

२४ फेब्रुवारी

दुकानातली मशीनवाली ताई म्हणते, रोज चालत जा, पाळीत त्रास कमी होतो. तिला झालाय म्हणे फायदा. पडदा पुढच्या आठवड्यात येतोय, तेव्हा आता जो जे सांगेल ते ऐकायचं. नवरा म्हणतो, "उद्या कुणी म्हणालं शीर्षासन कर, तर करशील." करीन! त्याच्याच डोक्यावर पाय ठेवून करीन.

आईंना घेऊन बागेपर्यंत निघाले. अर्ध्या वाटेत कठड्यावर बसल्या. "तू जा पुढे. माझं वय झालं." वय कसलं? गेल्या वर्षी चारही जिने चढून गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. म्हटलं, "नाटकं नका करू हं." हसल्या. पण उठल्या नाहीत.

२ मार्च, सोमवार

पडदा आला आणि पाळीपण आली. दोघांनी ठरवून आल्यासारखं!

डब्यात आल्याचं पाणी नेलं होतं. कमरेला शेक बांधला, वर एप्रन. सकाळभर रेटलं. लाल जड कापड, एकेक चुणी धरायची म्हणजे हाताला रग. जेवणाच्या सुट्टीनंतर मात्र डोळ्यांपुढे अंधारी आली. इस्त्री कापडावर तशीच राहिली! मशीनवाली ताई झेप घेऊन आली म्हणून वाचलं, नाहीतर नाट्यगृहवाल्यांना पडद्याला कायमची खिडकी मिळाली असती. रडायलाच आलं. दुखण्यापेक्षा भीतीनं. हे काम माझ्या हातून गेलं तर मला आवडणारं दुसरं काहीही मला येत नाही.

बास. कानाला खडा. घरी येऊन सांगून टाकलं, "मी दाखवणार. कुणी काही म्हणा."

वाटलं, आता दवंडीचं भाषण. आईंनी माझ्या हातातला डबा घेऊन ओट्यावर ठेवला. मग म्हणाल्या, "मी येते सोबत." मी आणि नवरा एकमेकांकडे बघतच राहिलो!

५ मार्च

दाखवलं. डॉक्टरीणबाई समजूतदार आहेत. तपासलं, सोनोग्राफी केली. आत काही वाईट नाही! शेक चांगला, चालणं चांगलं, आलं घेतलंत तरी हरकत नाही. पण असह्य होईपर्यंत थांबायचं नाही. दुखायला लागलं की काहीतरी खाऊन त्यांनी दिलेली गोळी घ्यायची. त्रास वाढत गेला तर परत यायचं. एवढंच! एवढ्यासाठी मी इतकी वर्षं गुडघे पोटाशी धरून बसले. ज्याचं जळतं त्याला कळतं हे ठीक, पण ज्याचं जळतं त्यानं बोलायला नको?

निघताना आईंनी एकदम विचारलं, "माझी एक मैत्रीण आहे. तिची पाळी जाऊन कितीतरी वर्षं झाली. आता परत अंगावरून जातं. पोटही दुखतं. वयाचंच असेल ना?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "वयाचं म्हणून सोडू नका. पुष्कळदा साधं काही निघतं, पण तपासल्याशिवाय कळत नाही. त्यांना लवकर घेऊन या."

रस्त्यात चिडवलं, "कोण हो ही मैत्रीण? जगाची दुखणी गोळा करता!" "तू नाही ओळखत," म्हणाल्या आणि भराभरा पुढे चालायला लागल्या.

१० मार्च

पडद्याच्या चुण्या संपल्या! सगळ्या माझ्या हातच्या. मालकीणबाईंनी पडद्यावरून हात फिरवला. त्यांचं कौतुक असंच असतं. उद्या अर्धा दिवस सुट्टी. कुणाला सांगितलं नाही, भर दुपारी जाऊन आईंना चकित करणार!

११ मार्च

दवाखान्यात बसून लिहितेय. दुपारी किल्लीनं दार उघडलं. आई पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन पडल्या होत्या, उशाशी तेलाची वाटी, पोटाशी हिरवी खोळ. माझी पाळी संपून चार दिवस झाले.

मैत्रीणबित्रीण कुणी नाही. मी टेबलाखाली बसले त्या दिवशी पिशवी माझ्यासाठी गरम झालीच नव्हती.

चप्पल काढलीच नाही. म्हटलं, "आई, उठा. निघायचं." "अगं, गावभर होईल." "होऊ दे." लहान मुलीसारखा हात दिला त्यांनी.

आत्ता त्या आत आहेत. पिशवी माझ्या मांडीवर आहे. अजून कोमट आहे.