पंधराशे रुपयांतील वादळ-नियोजन

औंढा तालुका,
वैशाख वद्य द्वितीया

प्रिय मोहिनीताई,

साष्टांग नमस्कार. त्यातील सहा अंगे कंबरेच्या व्याधीमुळे रजेवर आहेत. उरलेली दोन तूर्त चरणी रुजू करून घ्यावीत. हातात फोन असताना मी पत्र का लिहितो, अशी शंका तुला आली असेल. त्याचे कारण असे की आपल्या फोनवरील संभाषण म्हणजे त्रिपक्षीय वाटाघाट असते. तू नाशिकहून बोलतेस, मी ऐकतो, मग मातोश्रींच्या उजव्या कानाशी जाऊन गर्जना करतो. त्या जे वदतात ते सुसंस्कृत करून तुला कळवतो. या दुभाषेपणात माझे स्वतःचे असे काही सांगायचे राहूनच जाते. आज मातोश्री शेजारी पारुबाईंकडे पापड लाटण्यास गेल्या आहेत. सबब लेखणी उचलली आहे.

तुझा फाल्गुनातील निर्वाणीचा आदेश मला मुखोद्गत आहे. गेल्या उन्हाळ्यातील वावटळीत चार दिवस लाईट गेली, शीतकपाट निष्प्राण झाले, इन्सुलिन नासले आणि मातोश्रींना हिंगोलीस दवाखान्यात न्यावे लागले. त्यावर तू म्हणालीस, "अंगद, यंदा तयारी नीट दिसली तर आई तिथं राहील. न्हाई दिसली, तर पाच जूनला गाडी घेऊन येते आणि तिला नाशिकला नेते." एका मोठ्या इस्पितळाच्या मुख्य परिचारिकेने दिलेली ही मुदत होती, तिच्यावर अपील नव्हते. सोबत तू बहात्तर तास पुरेल अशा सामग्रीची यादी पाठवलीस आणि पंधराशे रुपये धाडलेस, वर "याच्यात बसव" अशी तंबी. आई गाव सोडायला तयार नाही, हे मी तुला वारंवार कळवत होतोच. तेव्हा कंबर कसली. म्हणजे पट्टा बांधला.

नियोजनाचा वृत्तांत अभिमानास्पद आहे. जलसंचयासाठी खानावळीतून गोड्या तेलाचे दोन रिकामे डबे मिळवले आणि राख, चिंच व सोडा यांनी त्यांचे शुद्धीकरण केले. पाण्याला अद्याप फोडणीचा सूक्ष्म गंध आहे, पण ते पेय आहे. सातबारा, आधार आणि बँकेचे पुस्तक यांच्या रक्षणार्थ खताच्या गोणीतील आतली प्लास्टिकची पिशवी वापरली. ती विनामूल्य म्हणता येईल, फक्त आता आपल्या जमिनीचा उतारा उघडला की युरियाचा दरवळ सुटतो. गोठ्याच्या पत्र्यावर पूर्णा नदीच्या रेतीने भरलेल्या सहा गोण्या ठेवल्या आणि पत्रा तारेने वाशांना जखडला. विजेरी, मेणबत्त्या, काडेपेट्या, मलमपट्टी यांची खरेदी बाजारातून झाली. शिट्टी शाळेतून आणली. तिची चाचणी घेतली असता पारुबाईंच्या अकरा शेळ्या थेट धरणाच्या दिशेने पसार झाल्या, आणि पारुबाईंनी ओट्यावर उभे राहून माझा उद्धार केला: "मास्तर, वादळ यायच्या आधी तुमीच येऊन राहिले की!"

शुष्कान्नाच्या विभागात मात्र किंचित शैथिल्य आले, हे प्रांजळपणे नमूद करतो. मातोश्रींनी भाजके शेंगदाणे, गूळ, कारळाची चटणी आणि धपाटे असा तीन दिवसांचा साठा सिद्ध केला. त्याच्या टिकाऊपणाची परीक्षा होणे शास्त्रसंमत होते. ती मी रोज दुपारी शाळेतून आल्यावर, तटस्थ बुद्धीने, एकेका धपाट्यावर करत गेलो. चौथ्या दिवशी डब्यात केवळ निष्कर्ष उरला. मातोश्रींनी दुसरा घाणा काढला आणि तो डबा कुठे ठेवला हे मला आजतागायत सांगितलेले नाही.

आता मुख्य प्रकरण, इन्सुलिन. विजेविना ते शीतल राखण्यासाठी तूच सुचवलेली युक्ती केली: मोठ्या मडक्यात लहान मडके, मधल्या पोकळीत ओली रेती, वर भिजवलेले गोणपाट. आत स्टीलच्या डबीत औषधाची कुपी. वारा लागला की मडके गार होते, म्हणून ते समोरच्या ओट्यावर ठेवणे क्रमप्राप्त होते. वादळाच्या आदल्या सायंकाळपासून लाईट नव्हतीच. म्हणून सकाळी कुपी आत ठेवली, गोणपाट भिजवले आणि कृतकृत्य होऊन न्हाव्याकडे गेलो.

ताई, पंचांग मला पाठ आहे. वर्गात मी मुलांना तिथी विचारतो, उत्तर चुकले तर उभे करतो. परंतु त्या दिवशी वैशाख शुद्ध तृतीया आहे, अर्थात अक्षय तृतीया, हे या पंडिताच्या ध्यानी आले नाही. त्या दिवशी आपल्याकडे घरोघर पितरांच्या नावाने पाण्याचे मडके भरतात आणि देवळात दान देतात. दिपाली गेल्यापासून, म्हणजे चार वर्षे, आपल्या घरचे मडके पारुबाईच स्वतःच्या मडक्याबरोबर मारुतीच्या देवळात पोहोचवतात, कारण मातोश्रींचे गुडघे आणि माझे अज्ञान दोन्ही त्यांना ठाऊक आहेत. त्या आल्या. ओट्यावर ओल्या गोणपाटात गुंडाळलेले नवे मडके पाहिले. दिवंगत पत्नीच्या नावाने मास्तरांनी या वर्षी स्वतः तयारी केली, म्हणून त्यांचे डोळे भरून आले. वर एक आंबा ठेवला आणि उदककुंभदानासाठी माझे आपत्कालीन शीतगृह कमरेवर घेऊन त्या चालत्या झाल्या. जड लागले तेव्हा म्हणे त्या वाटेत कुणाला सांगत होत्या, "मास्तरानं औंदा लई मनापासून भरलंय."

हे मला न्हाव्याकडे आलेल्या एका गिऱ्हाइकाकडून अर्ध्या दाढीत कळले. बाहेर येऊन पाहतो तो पश्चिमेला आभाळ शाईसारखे झालेले, आणि धुळीचा लोट शिवार ओलांडून येत असलेला. अर्धमुंडित अवस्थेत मी देवळाकडे धावलो. तेथे निंबाखाली चौदा मडकी ओळीने मांडलेली, चौदाही ओल्या फडक्यात, वाटसरूंना गार पाणी मिळावे म्हणून. मी पहिल्यात हात घातला: पाणी. दुसऱ्यात: पाणी. पाचव्याला पोहोचलो तोच ग्यानोबा गुरव गाभाऱ्यातून ओरडत बाहेर आले. "अहो मास्तर! काहून बाटवून राहिले लोकायच्या पितरायचं पाणी? शिकलेली माणसं तुमी!" मी शक्य तितक्या संक्षेपाने वस्तुस्थिती कथन केली. त्यावर ते शांत झाले आणि म्हणाले, "ते रेतीचं व्हय? त्यात पाण्याचा थेंब न्हाई. म्या म्हनलं, मास्तरानं देवाला बी फसवलं. उलटं केलं तिकडं." आणि डबी? "डबी दिसली. कुणाचं गुप्तदान असंल म्हणून दानपेटीत टाकली."

दानपेटी लोखंडी, कुलूप पावशेराचे, आणि किल्ली देवस्थानचे अध्यक्ष संपतराव यांच्या कमरेला. संपतराव पुतणीच्या लग्नाला कनेरगाव नाक्याला. मी पेटीशी डोळे लावून पाहिले. दान टाकण्याच्या रुंद फटीतून आईच्या औषधाची डबी चकाकत होती. तेवढ्यात वारा असा आला की देवळाची घंटा आपोआप वाजू लागली, आणि पाठोपाठ गारा. लिंबाएवढ्या, ताई, यात अलंकार नाही. ग्यानोबांनी मला मानगुटीला धरून आत ओढले. निंबाची मोठी फांदी मडक्यांवर कोसळली आणि चौदा घरांचे पूर्वज एकाच क्षणी तृप्त झाले.

पाऊण तास मी त्या देवळात अडकलो होतो. यादी खिशात होती. विजेरी खिशात होती. शिट्टी गळ्यात होती. ज्या एका व्यक्तीसाठी हा सारा खटाटोप, ती घरी एकटी होती, आणि गारांच्या आवाजात मला दुसरे काही ऐकू येत नव्हते. ग्यानोबा म्हणाले, "मास्तर, रामरक्षा तरी म्हणा, तुमाला तर येती." मला पहिला शब्द आठवेना.

पाऊस विरळ होताच धावलो. लाईटच्या तारा रस्त्यावर पडल्या होत्या, म्हणून शेतातून वळसा घातला. गोठ्याचा पत्रा सहा गोण्यांसह जागेवर होता. पारुबाईंच्या घरावरचा मात्र गेला होता. आपल्या स्लॅबच्या खोलीत शिरलो तर आत पारुबाई, त्यांची सून, दोन लेकरे, आणि अकरा शेळ्या. मातोश्री पलंगावर बसून दडवलेल्या डब्यातून धपाटे वाटत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "आलास? दाढी अर्धीच केली का रे?" मी त्यांच्या पायाशी बसलो आणि कुपी गेल्याचे सांगू लागलो. त्यांनी पदर सारखा केला. "सुई मघाच टोचून घेतली. दोन बाटल्या व्हत्या ना? एक तुझ्या मडक्यात, एक माझ्या माठाखाली, ओल्या फडक्यात. दोन्ही तुझ्या हाती कोण दील बाबा?"

लाईट पाचव्या दिवशी आली. तोवर शेजारणीसह सहा माणसे आपल्याकडे होती. फोडणीच्या गंधाचे पाणी सर्वांनी नाक न मुरडता प्यायले, आणि मातोश्रींची साखर एकदाही बिघडली नाही. संपतरावांनी पेटी उघडून दिली. औषध तापून निरुपयोगी झाले होते, ते टाकले. टॉवर सुरू झाल्यावर तुझा फोन आला, तेव्हा मी "सर्व नियोजनानुसार पार पडले" असे म्हणालो. वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध होते. नियोजन कोणाचे, एवढेच मी सांगितले नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिले ते लिहितो, आणि साध्या शब्दांत लिहितो. आई गाव सोडायला तयार नाही, असे मी तुला वर्षभर सांगत आलो. ताई, ती असे कधीच म्हणाली नाही. तू दर वेळी विचारायचीस, "आई, येतेस का?" आणि मी तिच्या कानाशी जाऊन ओरडायचो, "ताई विचारते, जेवलीस का?" ती मान हलवून म्हणायची, "न्हाई अजून." ते 'न्हाई' मी तुला देत गेलो. त्या दिवशी देवळात पाऊण तास बसल्यावर मला कळले की आईला सांभाळण्यासाठी मी तिला इथे ठेवलेले नाही. दिपाली गेल्यानंतर संध्याकाळी या घरात कोणीतरी "आलास?" म्हणावे, एवढ्यासाठी ठेवले आहे. तेव्हा तू ठरल्याप्रमाणे पाच जूनला ये. तिच्या समोर बस, उजव्या कानाशी मोठ्याने विचार, आणि उत्तर तिच्याच तोंडून ऐक. मी त्या वेळी शाळेच्या कामासाठी बाहेर गेलेलो असेन. काम मी शोधून ठेवले आहे. ती हो म्हणाली तर तिची पेटी मीच गाडीत ठेवीन, एक शब्द बोलणार नाही. फक्त गाडी ठरवताना मागच्या बाजूला एक जागा जास्तीची बघता आली तर बघ. शाळा पंधरा जूनला सुरू होते, तोवर मी मोकळाच आहे.

तुझाच, दुभाषेपदाचा राजीनामा दिलेला,
अंगद