मुशीत काय टाकू, नाना?

प्रिय नाना,

तिकडे ट्रंककॉल लागत नाही, म्हणून लिहितेय. परवा अक्षय्य तृतीया, आपली आखाजी आहे. मी माहेरी सोनगीरला आलेय आणि डोक्याचा पार भुगा झालाय.

तुमचं वर्षश्राद्ध झालं. आता तुमचा टाक, म्हणजे तुमची छोटी पितळी प्रतिमा, आखाजीला देवात बसवायची असं आईने ठरवलंय. आणि पितळ तुमच्याच हातचं हवं म्हणे! गल्लीतले ओतारीकाका उद्या पितळ वितळवायला मूस तापवणार आहेत. त्यांचा साचा सगळ्या गेलेल्यांना एकच: फेटा, झुपकेदार मिशा. नाना, तुम्ही जन्मात कधी फेटा बांधलात का हो?

एसटी डेपोतून घरी आलात की चहा होईपर्यंतसुद्धा दम नसायचा तुम्हाला. थेट परसातली भट्टी! वाळकी मिरची चिकणमातीत लिंपायची, ती आत जाळून राख झटकायची, त्या पोकळीत पितळ ओतायचं. भुईमुगाच्या शेंगेवरची एकेक शीर उमटायची. मी एकदा मिरचीसाठी हळहळले, तर म्हणालात, "मूळ मिरची जळनी तवयच पितळनी भेटस, पोरी."

तुम्हालाही जाळलं आम्ही. मग आमच्या हाती काय आलं? मिरची, शेंग, कापसाचं बोंड, मेलेला नाकतोडासुद्धा ओतलात आणि स्वतःचं काहीच नाही! याचा राग होता माझा.

आज दुपारी आईने देव्हाऱ्यातून एक पितळी गोळा काढून दिला. सुपारीएवढा, एका बाजूला खळगा.

"हाई बिनकामनं शे. हाईच वितळाई टाक."

"हे आहे काय पण?"

"तुना बाप बोलना, देवमा ठेव. कोनता देव, ते मी इचारं नही."

मी सहज खळग्यात बोट फिरवलं. गुळगुळीत. पण मधोमध एक तिरकी कड लागली. नाना, पत्रा लागून तुमच्या अंगठ्यावर पडलेली ती चीर! तुम्ही मेणात अंगठा दाबून ओतला होतात ना? मग सांगितलं का नाही कुणाला? चेष्टा होती की लाज वाटली?

ठशाची बारीक रेषा मात्र एकही उरलेली नाही. आईने प्रत्येक सणाला चिंच आणि राख लावून, त्या खळग्यात स्वतःचा अंगठा घालून घासलंय. देव लखलखीत हवा ना तिला!

आता मी काय करू? सांगितलं, तर एवढी वर्षं ती तुम्हालाच घासून पुसत होती, हे तिला कळेल. तिला ते सोसणार नाही. नाही सांगितलं, तर उद्या तुमचा अंगठा वितळून त्याचा कुणीतरी फेटेवाला होईल. तासभर पदरात गोळा घेऊन ओट्यावर बसलेय. रडू येतंय आणि तुमचा रागही येतोय.

आई आत्ताच डोकावून गेली. म्हणाली, "देवले पदरमा कसाले बांधं वं?"

शेवटी एवढंच सुचतंय. माझ्या लग्नात तुम्ही ओतून दिलेली पितळी शेंग माझ्या पिशवीत कायम असते, तीच उद्या मुशीत टाकते. फेटेवाला बसू दे देवात, आईचं समाधान होईल. गोळा त्याच्या शेजारी परत ठेवते. आणि वचन देते, नाना: ती परवा चिंच घेऊन घासायला बसली, की मी तिला अडवणार नाही. तिचा अंगठा तुमच्या अंगठ्यात बरोबर बसतो.

तुमची गोंधळलेली,
शालू