आजी बहिरी झाली

नागपूर
५ जुलै १९८२

चि. पुष्पलतास आजीचा जयभीम अन् अ. उ. आ.

आज आपल्या घरी शिवणाले सगळ्यात पहिले आली ती शेजारची यमुताई. काखेत जुनं लुगडं, अन् चहा पिता पिता सासूच्या चुगल्या. तिच्या मागून त्या मदत समितीच्या कुसुमताई. बैरूतच्या लढाईत घरदार गेलेल्या पॅलेस्टाईनच्या बायका तिकडं तंबूत बाळंत होऊन राहिल्या, त्यांच्या लेकराईसाठी आम्ही झबली शिवतो, हे तुले मागंच लिहिलं. मी म्हटलं, तान्ह्याचं पहिलं झबलं म्हातारीच्या जुन्या लुगड्याचंच पाहिजे. अंगाले मऊ लागते, अन् म्हातारीचं आयुष्य लेकराले लागते. कुसुमताई हासल्या. म्हणाल्या, आयुष्य लागू द्या, पण लुगडी पहिले उकळून घ्या. मंग काय, उकळून राहिलो! शिवलेल्या झबल्याईचे गठ्ठे समितीच्या गोदामातून मुंबईले जातात.

पोरी, जन्मभर मले कोणी विचारलं तर भाजीत मीठ टाकलं का, एवढंच. आता बाया दारात येऊन म्हणतात, गळा केवढा कापायचा ते अंजनाबाईले विचारा. लय बरं वाटते वं. तू तर नर्स. तिकडं बैरूतले असतीस तर किती कामाची झाली असतीस!

जेवण टाळत नको जाऊ, अन् म्हातारीले विसरू नको.
तुही आजी अंजनाबाई


मुंबई
१४ जुलै १९८२

ती. आजीस पुष्पाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वॉर्डातल्या साऱ्या मैत्रिणींना वाचून दाखवलं. आजी, तू सहज लिहिलंस, पण मी खरंच नाव दिलंय. समितीच्या डॉक्टरांबरोबर दोन नर्स बैरूतला जाणार आहेत, त्यातली एक मी. पासपोर्टच्या अर्जावर नागपूरचा पत्ता आहे, तेव्हा पोलीस घरी चौकशीला येतील. मुलगी आमचीच, या घरचीच, एवढं त्यांना सांगायचं. नाही म्हटलंत तर पासपोर्ट अडकेल. बाबांना अजून काही लिहिलेलं नाही, ते तूच सांग. भीती मलाही वाटते. हे मात्र आईला सांगू नकोस.

तुझ्या शब्दाकडे डोळे लावून बसलेली,
पुष्पा


नागपूर
२ ऑगस्ट १९८२

चि. पुष्पास अ. उ. आ.

तुहं पत्र आलं तेव्हापासून सुईत दोरा जात नाही. रेडिओवर बैरूतचं नाव आलं का तुही माय रेडिओच बंद करते. म्हणाली, म्हातारीनंच हे खूळ पोरीच्या डोक्यात घातलं. तुह्या बापाले सांगायची तर हिंमतच झाली नाही.

आज पोलीस आले, दोघं. तुही माय दाराआडून खुणावून राहिली, पोरगी इथं राहत नाही म्हणा. माह्या तोंडातून ना हो निघे ना नाही. मंग मी बहिरीच झाली. कानाले हात लावून बसली. त्यातला जमादार बिचारा घसा फोडून विचारे, बाई, तुमची नात परदेशी जाऊन राहिली का? पार गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. तुहा बाप हिंगण्याहून ड्युटी करून येऊन राहिला होता, त्यानं रस्त्यातच ऐकलं. घरात आला अन् भिंतीले टेकून बसला तो बसलाच. चार शब्द रागानं बोलला असता तर बरं झालं असतं.

मंग मी पेटीतलं माहं मऊ लुगडं काढलं, तुह्या लेकराच्या नावानं ठेवलेलं. तुह्या मायले म्हटलं, सिंधू, मले कोणी हे काम सोड म्हटलं तर मी सोडीन का? मंग पोरीले कोणत्या तोंडानं अडवू? अर्धं लुगडं तिकडच्या लेकराईसाठी फाडलं, अर्धं तुह्यासाठी राहू दिलं. ते न्यायले तुले वापस यावंच लागते.

भेव तर लय लागते वं. पण सिंधूले सांगून टाकलं, आता जमादार आला का मले चांगलं ऐकू येईल. हाव म्हणीन. माही नात आहे, याच घरची आहे, अन् जाऊन राहिली.

रागावू नको, माया राहू दे.
तुही आजी

ता. क. तुहा बाप अजून बोलला नाही. पण जमादाराले बसायले म्हणून यमुताईच्या घरची खुर्ची मागून आणली त्यानं, अन् दारात पुसून ठेवली. पोलीस गुरुवारी वापस येतो म्हणून गेले ना.