सहाचा पत्रा

मी, खाली सही करणारी, वय सत्तर पूर्ण, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी मागच्या खोलीत, शिवणयंत्राशेजारच्या मेजाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. त्यांनी मला सातचा पाढा विचारला, मी सतराचा म्हणून दाखवला. माझ्यावर कोणाचं दडपण नाही, मला कोणी भरीस घातलेलं नाही. नशा म्हणाल तर एकच. दुपारी चारच्या सुमाराला या खोलीत ऊन तिरकं येतं, त्यात सुताचे बारीक तंतू तरंगतात, आणि ते बघत बसले की हातातली शिवण तशीच राहते. हे फार वर्षांपासून चालू आहे, तेव्हा त्याने बुद्धीला बाधा येत नाही असं धरावं.

यापूर्वी मी कागदावर कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. मनातल्या मनात बरीच केली, रागाच्या भरात. ती सगळी रद्द समजावीत.

कलम १. दोन खोल्या, स्वयंपाकघर, अंगण आणि अंगणातलं तुतीचं झाड ही माझी स्वकष्टाची मिळकत मी माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या एकुलत्या एक मुलीला देते. ती वकील आहे. हा मसुदा तिनेच करावा असं माझ्या मनात होतं, पण ती म्हणाली, "आत्या, घर मला मिळणार आणि कागदही मीच लिहिणार, बरं दिसत नाही. तू लिही, मी चुका काढते." चुका काढण्यात ती तरबेज आहे. झाड तोडू नये एवढी अट. शेजारीणबाईंच्या वाळत घातलेल्या चादरींवर तुती पडून डाग पडतात, ही त्यांची तक्रार शंभर टक्के खरी आहे आणि एकोणीस वर्षं मी ती ऐकू न आल्यासारखं केलं आहे. तो मान आता भाचीकडे जातो.

कलम २. शिवणयंत्र, इस्त्री आणि तिन्ही कात्र्या दुकानातल्या माझ्या जोडीदारणीला. एकतीस वर्षं आम्ही एका खिडकीच्या उजेडात बसलो. मोठी कात्री कागदाला लावायची नाही. तिने एकदा त्या कात्रीने खोक्याचा पुठ्ठा कापला होता, आणि विचारलं तेव्हा "मी नाही बाई" म्हणून मोकळी झाली. मी तिला माफ केलं आहे. "मी नाही" म्हणणारी माणसं मला लांबून ओळखू येतात, कारण मी त्यांच्यातलीच आहे. ते कलम चारमध्ये येईल.

लग्न मी केलं नाही. त्याची कारणं या कागदात नाहीत, कोणी शोधत बसू नये.

कलम ३. पुढच्या खोलीतल्या दोन जोडखुर्च्या, लाल मखमलीच्या, डावी करकरणारी. मैदानाच्या भिंतीला लागून जे चित्रपटगृह होतं ते पाडलं तेव्हा या मी तिथून उचलून आणल्या. नववी रांग, कडेच्या. त्याही भाचीला. मात्र वर्षातून एकदा तिने त्यांवर बसून माझा तो चित्रपट शेवटपर्यंत बघायचा, आणि हसायचं नाही.

हा चित्रपट शहाण्यासुरत्या माणसाने आवडतो असं कबूल करू नये इतका भाबडा आहे, आणि मी तो जन्मभर चोरून पाहिला. नायिकेची वाचा गेलेली असते. नायक तिला सोडून जहाजाने निघतो. शिडी उचलली जाते, भोंगा होतो, जहाज धक्क्यापासून चांगलं हातभर सुटतं, आणि तेवढ्यात तिला कंठ फुटतो. ती एकच हाक मारते. आणि ते एवढं अजस्र जहाज एका बाईच्या हाकेने वळतं. भाऊ म्हणायचा, "ताई, जहाज असं वळत नसतं गं." भाची म्हणते, "आत्या, तो नायक रडताना मनगटावरचं घड्याळ बघतोय!" बघत असेल. पण अंधारात त्या झोताच्या धुरकट उजेडात बसलेलं असताना जहाज वळतं, आणि मी पदर डोळ्यांना लावते. अजूनही लावते. सत्तराव्या वर्षी दार लावून, आवाज बारीक करून बघते, कुणी आलं तर बातम्या लावते.

कलम ४. पलंगाखालच्या लाकडी पेटीत पत्र्याचे आकडे आहेत. काळ्या पत्र्यावर पांढऱ्या रंगाने, इंग्रजी वळणाचे, मी स्वतः रंगवलेले. शून्यापासून आठपर्यंत. नवाचा वेगळा पत्रा नाही. सहाचाच उलटा करून लावायचा, म्हणून त्याला वर आणि खाली अशी दोन भोकं आहेत. त्या सहाच्या पोटाखाली, रंगात मुरलेला एक अंगठा आहे. तो माझा आहे. आज तपकिरी दिसतो, तेव्हा जांभळा होता.

आमचे बाबा मैदानाची देखभाल करायचे. रूळ फिरवणं, चुन्याच्या रेघा, गवताला पाणी, सगळं त्यांच्याकडे. माझे हिशोब पक्के म्हणून सामन्याच्या दिवशी धावफलक माझ्याकडे. फळ्यांच्या त्या उंच चौकटीमागे शिडीवर उभं राहून खिळ्यांना पत्रे अडकवायचे. मागून जग फटीफटींनी दिसायचं. एका फटीत पंचांची टोपी, एकीत नुसतं हिरवं, एकीत माझा भाऊ. ते दिवस आठवले की मला आधी रंगाचा आणि ओल्या गवताचा वास येतो, मग बाकीचं.

अंतिम सामना होता. भाऊ एकवीस वर्षांचा, मी चोवीसची. समोरच्यांच्या धावा एकशे शहाऐंशी. जिंकायला एकशे सत्त्याऐंशी हव्यात, आणि बरोबरी झाली तर चषक मागच्या वर्षीच्या विजेत्यांकडेच राहणार, म्हणजे त्यांच्याकडे. कारखान्याच्या संघाचे दोन गृहस्थ भावाला बघायला मुद्दाम आले होते. त्या दिवशी चमकला असता तर त्याला नोकरीही होती आणि खेळायलाही मिळणार होतं.

चहाच्या सुट्टीला फलकावर एकशे अडुसष्ट होते. भिंतीपलीकडे चित्रपटाची शेवटची वीस मिनिटं सुरू होत होती. दारावरच्या माणसाचा गणवेश मी शिवलेला, तो मला बाजूच्या दाराने आत सोडायचा. वीस मिनिटांची सुट्टी, वीस मिनिटांचा शेवट. आठवडाभर मी असंच गणित जमवलं होतं. त्या दिवशी मात्र उजेड जाईल म्हणून पंचांनी सुट्टी अर्धी केली, आणि मी अंधारात बसून जहाज वळताना बघत होते.

डोळे पुसत बाहेर आले. दाराशीच तुतीची गाडी. तुती वर्षाला जेमतेम तीन आठवडे मिळायची, त्यामुळे तिथेही मी थांबले. होय, थांबले. कागदाच्या पुड्यात तुती घेतल्या आणि तेव्हा पलीकडून टाळ्या ऐकू आल्या.

गाडीवाला भिंतीवरून मान उंचावून सामना बघत असे. त्याला विचारलं, "किती झाल्या?"

"एकशे ऐंशी. नाहीतर एक्क्याऐंशी."

"नक्की सांगा ना."

"तुझ्याच भावाचा संघ ना? मग एक्क्याऐंशी धर की!"

मी एक्क्याऐंशी धरल्या. तंबूत जाऊन गुणलेखकांना विचारता आलं असतं, पण मग कुठे होतीस, हा प्रश्न आला असता. जांभळ्या बोटांनी मी पत्रे चढवले आणि पुढच्या धावा त्यावर मोजत गेले. शेवटचा चेंडू राहिला तेव्हा फलकावर होतं एकशे शहाऐंशी. खरे होते एकशे पंच्याऐंशी.

तंबूतून गुणलेखकांनी पांढरा रुमाल हलवला. फलक चुकला की रुमाल हलवायचा, अशी आमची खूण. मी पाचाचा पत्रा हातात घेतला. गोलंदाज धावायच्या तयारीत होता. फटीतून मला भाऊ दिसत होता. मावळतीचं ऊन फलकाच्या मागून थेट त्याच्या तोंडावर, म्हणून डोळ्यांवर हात धरून तो माझ्याकडे, म्हणजे फलकाकडे, बघत होता. बाकी कोणी बघत नव्हतं. प्रेक्षक फलकाच्या पायथ्याशी सावलीला बसलेले, तंबूतले गुणलेखकांच्या वहीत डोकं घालून. एक हाक मारायची होती. "एक कमी आहे रे!" घटकाभरापूर्वी हाकेने जहाज वळवून आलेली मी, माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

त्याने चेंडू मोकळ्या जागेत मारला, एक धाव घेतली आणि बॅट वर केली. तंबूतले कंठशोष करून ओरडत होते, "दुसरी! दुसरी घे!" त्याला वाटलं, जल्लोष चाललाय. दुसरी चालत चालत झाली असती.

आता सगळ्यांनी वर पाहिलं. फलकावर एकशे शहाऐंशी, आणि तेच बरोबर होतं. मला काही करावंच लागलं नाही. काही न करण्याइतकं सोपं काम मी आयुष्यात दुसरं केलं नाही. भाऊ म्हणत होता, "अहो, आधीच शहाऐंशी होत्या, मी बघितलं!" लोक म्हणाले, "ऊन डोळ्यांवर होतं, पाचाचा सहा दिसला असेल." नंतर गुणलेखक शिडीपाशी आले. "फलक एकाने पुढे होता ना गं?" मी म्हटलं, "नाही काका." जाड भिंगांचा चष्मा पुसत ते म्हणाले, "असेल बाई, माझ्याच डोळ्यांचा भरवसा नाही." ते गेले बिचारे तसेच.

गावाने भावाचं नाव 'एकधावे' ठेवलं, जणू आडनावच. कारखान्याचे गृहस्थ चहा न घेता गेले. भावाने बॅट माळ्यावर टाकली आणि डोळे तपासायला गेला. डोळे ठणठणीत निघाले, तरी हट्टाने चष्मा करवून घेतला. तो आजही लावतो. पियानो आणि पेट्या दुरुस्त करण्याचं काम त्याने धरलं, कारण त्यात म्हणे कानाने भागतं. आणि दर वर्षी तुतीच्या दिवसांत, माझ्या अंगणात झाड असूनही, तो बाजारातून पुडा आणतो. "ताई, तुझ्या आवडीच्या." मी खाते. गोड लागतात, हीच तर लाज आहे.

कलम ५. माझ्या धाकट्या भावाला या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही. कारण तो या कागदाचा पहिला साक्षीदार असावा अशी माझी इच्छा आहे, आणि भाची सांगते की ज्याला काही मिळायचं त्याने साक्षीदार होऊ नये. पेटीतले पत्रे त्याचे आहेत, ते मी जिवंतपणी माझ्या हाताने देणार. मेल्यावर कबुली देणं म्हणजे पुन्हा फलकामागे लपणंच झालं. तेव्हा आज हा कागद त्याच्याकडे जाईल. त्याने वाचावा, मग सही करायची की नाही ते त्याचं त्याने ठरवावं. त्याने सही केली नाही तर हे मृत्युपत्र फाडून टाकावं.

भाची म्हणाली, "आत्या, कुठलेही दोन साक्षीदार चालतात."

"मला चालत नाहीत."

मग तिने कलम चार वाचलं. बराच वेळ तिने एकही चूक काढली नाही. शेवटी म्हणाली, "बाबा अजून दाराची कडी तीनदा बघतात गं." आणि कागद घेऊन गेली.

पुरवणी, दहा दिवसांनंतर, त्याच हाताने.

नऊ दिवस तो आला नाही. निरोप नाही, फोन नाही. झाडावरच्या तुती पिकून पडत होत्या, मी वेचल्या नाहीत. शेजारीणबाईंच्या चादरी मात्र मी स्वतः धुऊन दिल्या. त्यांना काय झालंय ते कळेना.

आज दुपारी चार वाजता फाटक वाजलं. तो आत आला नाही. कागद काखेत, हातात पुडा नाही. चेहरा असा, की मी उभीच राहिले.

म्हणाला, "सेहेचाळीस वर्षं, ताई."

मी म्हटलं, "हो रे."

"एक हाक मारायची होतीस."

"हो."

त्याने एकदा झाडाकडे बघितलं. मग म्हणाला, "पेटी आण. आकडे लाव."

अंगणाच्या मागच्या भिंतीला खिळा आहे. फाटकापासून तीस पावलं तरी असतील. त्याने चष्मा काढून फाटकाच्या खांबावर ठेवला. ऊन त्याच्या तोंडावर होतं. त्याने डोळ्यांवर हात धरला, अगदी तसाच.

मी पाच लावला.

"पाच."

तीन लावला. "तीन." आठ लावला. "आठ." एकदाही अडला नाही. मग मी सहा उचलला, आणि काय वाटलं कोण जाणे, उलटा केला आणि लावला.

तो थांबला. मला वाटलं, फसला.

"सहा आहे तो," फाटकातून तो ओरडला. "उलटा लावलायस. तुझा अंगठा वर आलाय."

मला पुढचं दिसलं नाही. तो आत आला, मेजाशी बसला, लेखणी घेतली. सही करायच्या आधी विचारलं, "त्या दिवशी शेवट पूर्ण बघितलास ना?"

"बघितला."

"वळलं जहाज?"

"वळलं."

"बरं," तो म्हणाला, आणि सही केली.

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने पूर्ण केलं, वाचलं, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

लिहून देणार: ताई (सही)

साक्षीदार पहिला: धाकटा भाऊ, वाद्यं दुरुस्त करणारा (सही)

साक्षीदार दुसरा: शेजारीण, निवृत्त परिचारिका (सही, चादरींबाबतची तक्रार कायम ठेवून)

ठिकाण: माझं राहतं घर, मागची खोली

दिनांक: तुतीच्या हंगामातला शेवटचा रविवार, संध्याकाळी पाच

मिळकतीच्या यादीत एक वस्तू वाढवली आहे: चष्मा, नग एक, फाटकाच्या खांबावर राहिलेला. हाक मारून आठवण करून दिली. मालक वळला नाही.